मखमलीत गुंडाळलेलं कीर्तन

"वहिनी, हा परत घ्या. गोणपाटात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज येतो," म्हणत दत्ताने खोका काउंटरवर ठेवला.

दत्ता साळवी जन्मभर बोटीवर इंजिनियर. इंजिन ऐकून बिघाड सांगायचा, म्हणून आवाजातलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज. आमच्या दुकानातला सगळ्यात महाग स्मार्ट स्पीकर त्याने आईसाठी नेला होता. स्मार्ट म्हणजे हाक मारली की ओ देतो आणि सांगाल ते इंटरनेटवरून लावतो. त्याच्या मागोमाग धाकटा भाऊ विजू आत आला. हा बँकेत. त्याने अर्ध्या किमतीचा, दुसऱ्या कंपनीचा, ऑनलाइन मागवला होता.

"मी सांगत होतो, नुसते नावाचे पैसे," विजू म्हणाला.

"तुझा डबा तरी कुठे बोलतो? आई म्हणाली, दोन्ही सारखेच घोगरे."

आई म्हणजे तारामावशी. भाट्याला, समुद्राकाठी राहतात. गुडघ्यांनी देवळाची वाट बंद केली, तेव्हापासून संध्याकाळचं कीर्तन त्या घरीच ऐकतात. जुना टेप बंद पडला, म्हणून ही स्पीकरची खरेदी. आता म्हणत होत्या, शब्द कळत नसतील तर नुसता मृदंगाचा धबधब कशाला ऐकू? बंद करा ते.

"संध्याकाळी भिंतीकडे बघत बसते," दत्ता म्हणाला आणि खोक्याची चिकटपट्टी सोलत राहिला.

मी स्पीकर काउंटरवर लावून बघितला. कीर्तनकार बुवांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"इथे वाजतो. घरी वाजत नाही," दत्ता म्हणाला.

"मग बिघाड घरात आहे," मी म्हटलं. "चला."

दुकान आता सूनबाई अस्मिता चालवते. नातवंडांच्या मते मी तिथे शोभेला बसते. पण घरी जाऊन बघायचं काम निघालं की मी सगळ्यांच्या आधी चपला घालते.

वाटेतून दत्ताने आईला आम्ही येतोय म्हणून फोन केला. मावशींच्या खोलीत पोचल्यावर त्याने स्पीकर पुन्हा होता तिथे ठेवला: जांभ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात, विजूच्या स्पीकरशेजारी. बघून मला आनंदच झाला. जाड, खालचे आवाज म्हणजे बेस. स्पीकर कोपऱ्यात किंवा कोनाड्यात कोंबला की बेस फुगतो आणि शब्द त्यात बुडतात. मी हे दोघा भावांना चांगलं ऐसपैस समजावलं. मग टेबल आणवलं, कपाट सरकवलं, दत्ताच्या कमरेत उसण भरवली आणि स्पीकर मोकळ्यावर ठेवले. कीर्तन लावलं. शब्द न् शब्द स्पष्ट.

"शालन, तुझ्या हाताला गुण आहे गो," मावशी म्हणाल्या.

मी चहा घेतला, पोहे खाल्ले आणि रिक्षाने परत येताना स्वतःवर फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी दत्ताचा फोन. "वहिनी, परत गोणपाट."

या वेळी मी न कळवता गेले. मावशी पडवीत लसूण सोलत होत्या. मी सरळ आत, आणि उंबऱ्यातच थांबले. टेबलावर दोन स्पीकर होते. दोन्हींवर मरून रंगाच्या मखमलीची कव्हरं, कडेला सोनेरी लेस.

त्या घरात मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. दोघा भावांचे डोळे लहानपणापासून कव्हरांनाच सरावलेले. ते स्पीकर ऐकत होते, बघत नव्हते. आणि पाहुणे आले की कव्हर काढून ठेवायचं, ही मावशींची जुनी शिस्त. काल मी पाहुणी होते.

"मावशी, हे कशाला घातलंत?"

"खारी हवा लागते. एवढ्या पैशाची वस्तू, गंजून जाईल."

"मग वाजवताना तरी काढा!"

"काय म्हणून? रेडिओ घेतला तेव्हा तूच सांगितलं होतंस, वाजवताना काढू नका, आवाज गोड येतो."

"मी?"

"मग कोण? नीट बघ जरा."

बघितलं. एका कव्हराच्या कोपऱ्यात सोनेरी दोऱ्याने आमच्या दुकानाचं नाव भरलेलं. टाका माझाच. अक्षरं चढावर निघालेली, तीही माझीच.

आता सांगायलाच हवं. लग्न होऊन आले तेव्हा मला रेडिओतलं दोन बटणांपलीकडे काही कळत नव्हतं. पण नवऱ्याच्या दुकानात आपण काहीतरी आधुनिक करायचं, ही हौस दांडगी. म्हणून प्रत्येक सेटबरोबर मखमली कव्हर फुकट. आत कापसाचं अस्तर, कारण मला वाटे वस्तूला थंडी वाजू नये. रत्नागिरीत! वर गिऱ्हाइकांना व्याख्यान: कव्हरातून आवाज कसा मऊ, गोड येतो. यजमान त्या वेळी खाली वाकून रेडिओतल्या तारांना डाग देत राहायचे. मला वाटायचं, कौतुकाने गप्प आहेत. रिपेअरिंग शिकले तेव्हा कळलं, माणूस हसू दाबत होता.

गोड यायचा, कारण मखमल बारीक, वरचे आवाज खाते. त्यांना ट्रेबल म्हणतात. क, त, स या अक्षरांच्या कडा त्यातच असतात. कडा गेल्या की सगळं गुळगुळीत आणि शब्द गायब. शिवाय स्मार्ट स्पीकरचे कानही कव्हराखाली झाकले जातात.

"तरीच! हाका मारून घसा बसला माझा," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, महागाचा आहे, माज असेल."

कव्हर नको म्हणायची सोय नव्हती. खाऱ्या हवेचं त्यांचं म्हणणं खरंच आहे. म्हणून मी एक साधी परीक्षा केली. कापड तोंडासमोर धरायचं, पलीकडे आपला तळहात. फुंकर मारायची. वारा हाताला लागला तर आवाजही पार जातो. माझ्या मखमलीतून मुंगीलाही वारा लागला नसता. मावशींच्या जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या सुती लुगड्यातून मात्र फुंकर सरळ पार गेली. तिथेच कात्री घेऊन दोन तुकडे कापले आणि स्पीकरांवर घातले.

तेवढ्यात दोघे भाऊ आले. मी कव्हरं दाखवली. दत्ताने एक उचलून उलटसुलट करून बघितलं. मग विजूला म्हणाला, "तुला दिसलं नाही?"

"तुला दिसलं?"

आता खरी तुलना. मावशींना पाठ करून बसवलं. दोन्हींचा आवाज आधी सारखा केला. हे महत्त्वाचं, कारण जरा मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो. दुकानदार महाग वस्तू हळूच मोठी लावतात. मी चांगलीच ओळखते एका दुकानदारणीला. मग तेच कीर्तन आलटून पालटून लावलं.

"पहिल्यात मृदंग पोटात वाजतो," मावशी म्हणाल्या, "पण बुवा मागे उभे. दुसऱ्यात बुवा माझ्याशी बोलतायत. दुसरा ठेवा."

दुसरा विजूचा. विजूने शर्टाची कॉलर ताठ केली.

"आई, पण साउंड स्टेज बघ, कोण कुठे बसलाय ते कळतं, डेप्थ बघ," दत्ता म्हणाला.

"मला स्टेज नको रे. मला गोष्ट ऐकायचीय. गप्प बस आता, ऐकू दे."

आणि त्या ऐकत बसल्या. मध्येच बुवांच्या एका विनोदावर एकट्याच हसल्या. दत्ताने स्वतःच महागाचा स्पीकर उचलून खोक्यात भरला.

तो खोका घेऊन मी दुकानात शिरले तेव्हा अस्मिता म्हणाली, "आई, तुम्ही विकायला जाता की परत आणायला?" पैसे परत दिले. नंतर मावशींच्या शेजारणी आल्या. स्पीकर नको, कव्हर हवं. सध्या मी तीच शिवते, प्रत्येक तुकडा फुंकून.

स्पीकर कुठला घेऊ, असं विचारणाऱ्याला मी आता आधी विचारते, त्यावर घालणार काय? निम्मा सल्ला तिथेच संपतो.

माझी मखमल मावशींनी टाकली नाही. दोन्ही कव्हरं एकावर एक घालून ती आता चालू मिक्सरवर असतात. मिक्सरचा आवाज, त्या म्हणतात, फार गोड झालाय.