अकरा पाळ्या आणि रिकामा रकाना

अर्जुनी मोरगावकडचा तो तपास आठवला की मी आजही खुर्चीत सरळ होऊन बसतो. त्यात पाठलाग नव्हता, हाणामारी नव्हती. तरी उभ्या नोकरीत मला इतका आनंद दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याने दिला नाही, आणि इतकी लाजही.

एका मोठ्या तलावावर शेतकऱ्यांची पाणीवाटप संस्था होती. उन्हाळी धानाला कोणाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं, त्या पाळ्या पूर्वी वहीत लिहीत, आता त्या संगणकात गेल्या होत्या. आमच्याकडच्या प्रतापगडची जत्रा आठवड्यावर आली असताना कळलं की पाटाच्या टोकाकडचे लोक यादीत महिनाभर मागे गेलेत आणि वरच्या अंगाचे अकरा जण त्यांच्या पुढे घुसलेत. टोकाकडचं धान वाळायला लागलं होतं. ते लोक काठ्या घेऊन तलावाच्या तुडुमावरच, पाणी सोडायच्या दारावर, जाऊन बसले. डोकी फुटायच्या आत संस्थेचा सचिव स्वतः ठाण्यात आला, तक्रार दिली आणि सोबत छापील यादी जोडली. अकराही नावांपुढे 'बदल करणारा' या रकान्यात एकच नाव होतं, संगणकावर बसणाऱ्या मुलीचं. पुढे आलेल्यांत तिचा सख्खा मामा होता.

मला वाटलं, तपास संपला. आमच्या भागात कोण कोणाचा मामा निघत नाही, हे मला सुचायला हवं होतं. पण आयता आरोपी समोर आला की पोलिसाची अक्कल गहाण पडते.

बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, म्हणून महिला शिपाई सोबत घेऊन मी तिच्या घरी जबाब घ्यायला गेलो. असा ओळीने तीन दिवस गेलो. वर्षभरापूर्वी लग्न झालेली पोर. तिसऱ्या दिवशी ओसरीवरचा सासरा माझ्याकडे न बघता म्हणाला की अटक करायची तर करा, पण सुटल्यावर तिला माहेरी पोचवा, या घरात आणू नका. तिने ते ऐकलं. ती रडली नाही. मीही काही कमी नव्हतो. पासवर्ड कोणाला दिलास, मामाने काय कबूल केलं, मशीन काय खोटं बोलतं का, असा माझा रेटा चालूच होता. शेवटी ती चिडली.

"मशीनचं मले माहीत नाही, साहेब. पण तेच तेच कायले विचारून राहिले तुम्ही? पाळी बदलाची तं दर खेपेले कारण लिहा लागते. लिहिल्याबिगर सेवच होत नाही. मी बदललं असतं तं अकरा कारणं दिसली नसती का?"

मी फाईलमधली यादी काढली. शेवटचा रकाना 'कारण' असा होता. तिने मागे केलेल्या तीन बदलांपुढे 'मयत, वारस नोंद' किंवा 'जमीन विकली' असं नीट लिहिलेलं. त्या अकरा नावांपुढे काहीच नाही. तीन दिवस तो कागद माझ्या मांडीवर होता आणि मी एकच रकाना वाचत बसलो होतो! मी असा ताडकन उठलो की शिपाईबाई दचकल्या. या नोंदी प्रोग्राममधून झाल्याच नव्हत्या. मग आल्या कुठून?

प्रोग्राम लिहिणारा गोंदिया शहरातला होता. त्याला दुपारीच बोलावून घेतलं. दोन ग्लास पाणी पिऊन तो बोलता झाला.

"साहब, परमिशन मैंने सिर्फ प्रोग्राम में लगाई है. किसको कौन सा बटन दिखेगा, बस उतना. अंदर डेटाबेस में तो सब लोग एक ही मालिक के नाम से जाते हैं. उसका पासवर्ड कोड में लिखा है."

तो पासवर्ड ज्याच्या हाती, तो प्रोग्राम न उघडता थेट डेटाबेसमध्ये शिरून काहीही बदलू शकत होता आणि 'बदल करणारा' म्हणून कोणाचंही नाव टाकू शकत होता. पुढच्या दारावर राखणदार बसवला होता आणि मागच्या दाराची किल्ली चौकटीवरच ठेवली होती. पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे, असं विचारल्यावर त्याने मान खाली घातली. अडीअडचणीला लागेल म्हणून सचिवाने तो फोनवर मागून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि प्रोग्रामवाल्याला घेऊन मी संस्थेत गेलो. हा प्रोग्राम मीच उभा करून घेतला, त्यातलं मला खडान्‌खडा ठाऊक आहे, असं सचिव सगळीकडे सांगत असे. मी त्याला आणखी थोडं चढवलं आणि म्हटलं, पाळी कशी बदलतात ते पंचांना तुम्हीच दाखवा. गडी ऐटीत बसला. नाव शोधलं, पाळी बदलली, सेव दाबलं. मशीन अडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा अडलं. पाचव्या वेळी त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला.

"भाऊ," मी म्हटलं, "अकरा वेळा कारण न लिहिता जमलं. बाराव्या वेळी काऊन अडून राहिलं?"

त्याने मागे वळून प्रोग्रामवाल्याकडे पाहिलं आणि माउस सोडला. त्याच्या टेबलावरच्या संगणकात डेटाबेस थेट उघडायची सोय सापडली, तोच पासवर्ड भरून ठेवलेला. जागेवरच पंचनामा केला. अकरांतले बहुतेक त्याचे सोयरे होते. मुलीचा मामा त्याने मुद्दाम घातला होता, संशय पक्का व्हावा म्हणून.

जुन्या पाळ्या लागल्या आणि टोकापर्यंत पाणी गेलं. मी त्या मुलीच्या घरी जाऊन सासऱ्यासमोर सांगितलं की चूक माझी होती. प्रोग्रामवाल्याने डेटाबेसमध्येच प्रत्येकाचं वेगळं नाव आणि कामापुरता हक्क बांधून दिला. संस्थेने भरपाई म्हणून तिला सगळे हक्क देऊ केले. तिने ते घेतले नाहीत.

"माझ्या कामापुरतं द्या," ती म्हणाली. "जास्तीचं असलं तं उद्या पुन्हा माझ्याच नावावर येईल."

हे ऐकून मी ठाण्यात परतलो, तर माझ्या संगणकावर माझा रायटर अहवाल टाइप करत होता, माझ्या नावाने लॉगिन करून. माझा पासवर्ड चौघांना माहीत होता आणि तो मीच सांगितला होता. साहेबाला वेळ कुठे असतो! त्यांतल्या कोणी माझ्या नावाने चार ओळी घातल्या असत्या, तर माझ्यासारख्याच एखाद्या अधिकाऱ्यासमोर मलाही तीन दिवस बसावं लागलं असतं, आणि 'मी लिहिलं नाही' याखेरीज माझ्याकडे बोलायला काही नसतं.

मी त्याला उठवलं, पासवर्ड बदलला आणि ती मुलगी निर्दोष असल्याचा अहवाल दोन बोटांनी टाइप करायला बसलो. संध्याकाळ झाली. खाली माझं नाव होतं आणि वरचा शब्द न्‌ शब्द मी लिहिला होता.