न पुसलेले रूळ

‘या खोलीतली हवा कोरडी असल्यामुळे आपले रूळ जात्याच स्वच्छ राहतात. ते पुसावे लागत नाहीत.’

खेळण्यातली छोटी रेल्वे चालवणाऱ्या हौशी मंडळाच्या वहीत, टपोऱ्या अक्षरात, वकिलांनी हे वाक्य लिहिलं होतं. वहिनींनी ते वाचलं तेव्हा त्यांच्या एका हातात स्पिरिटची बाटली होती आणि दुसऱ्या हातात काळं झालेलं फडकं. अकरा वर्षं, दर शुक्रवारी दुपारी, आपल्या घराच्या माडीवरच्या खोलीतले ते बोटभर रुंदीचे रूळ त्या पुसत आल्या होत्या. पुलाखाली वाकून, बोगद्यात कोपरापर्यंत हात घालून. आता तर उजवा खांदा वर उचलवतही नव्हता.

वाक्याखाली तीन सह्या होत्या. वकिलांची, दातांच्या डॉक्टरांची आणि मधली मास्तरांची. मास्तर म्हणजे वहिनींचे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. वकिलांचं एक वेळ सोडून देता आलं असतं, ते रविवारी यायचे आणि जायचे. पण मास्तरांनी स्पिरिटची बाटली दोनदा स्वतः आणून दिली होती! वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, जिना उतरून फडकं खालच्या खुंटीला अडकवलं.

त्यानंतरचे तीन शुक्रवार रूळ तसेच राहिले.

नेमकं याच दिवसांत मंडळाला नवं डिझेल इंजिन घ्यायचं होतं. इस्पितळाच्या मुलांच्या वॉर्डात एक छोटी रेल्वे मांडायची होती आणि बुधवारी, शनिवारी ती चालवायचं वहिनींनी कबूल केलं होतं. दुकानदाराने दोन कंपन्यांची इंजिनं आठवडाभर पारखायला दिली होती. एक ठेवायचं, दुसरं परत. दोन्ही एकाच खऱ्या इंजिनाची नक्कल, रंगही तोच. निळ्या खोक्यातल्याचे कठडे केसासारखे बारीक, छतावरचे पंखे फिरणारे, आवाज हुबेहूब. तपकिरी खोक्यातलं जरा ठोकळाच. कठडे जाड, दिवे पिवळट.

वहिनींनी दोन्ही इंजिनं टॉवेलवर उताणी ठेवून चाकं पाहिली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. कपाटाएवढ्या यंत्रांमधले, धातूला धातू टेकतो ते बारीक बिंदू पुसायचे. तिथे मळ बसला की माणसांचं बोलणं अर्ध्यात तुटायचं.

“निळ्याच्या बारापैकी चार चाकांना रबराची कडी आहेत,” त्या म्हणाल्या होत्या. “तपकिरीची बाराही चाकं उघडी आहेत.”

“रबरानं पकड येते, वहिनी,” वकिलांनी समजावलं. “डबे जास्त ओढतं.”

“पकड येते. रुळातली वीज रबरातून येत नाही.”

“मास्तर, वहिनींनाच मंडळाच्या इंजिनिअर करून टाका,” वकील म्हणाले. सगळे हसले. मास्तरही हसले.

रविवारी चाचणी झाली. वकिलांनी निळं इंजिन रुळावर ठेवलं, मागे सहा डबे जोडले. इंजिन ऐटीत निघालं, सांध्यापाशी आलं आणि थांबलं. वकिलांनी टिचकी मारली. चार विती गेलं, वळणावर पुन्हा थांबलं. आवाज तुटायचा, पंखे थबकायचे. शेवटी ते बोगद्यात जाऊन बसलं ते बाहेर येईना.

“काही तरी सैल असेल,” डॉक्टर म्हणाले. “ते दुसरं लावा बघू.”

तपकिरी इंजिनाचे दिवे मिचमिचले, पण ते रडतखडत का होईना फेऱ्या घालत राहिलं.

“आज रुळांना झालंय काय?” वकील वाकून बघू लागले.

वहिनींनी कोरा पांढरा रुमाल काढला, वीतभर रुळावरून फिरवला आणि वकिलांसमोर धरला. दोन काळ्या रेघा.

“तीन आठवडे पुसले नाहीत मी. कोरडी हवा पुसेल म्हटलं.”

मास्तर बोगद्याकडे बघत राहिले.

वकिलांनी घसा खाकरला. “मग ही चाचणी ग्राह्य धरता येणार नाही. वहिनी, पटकन एक हात फिरवा, आपण पुन्हा घेऊ.”

वहिनींनी रुमालाची घडी घातली. “खुशाल निळं घ्या, भाऊजी. छानच दिसतं. पण वॉर्डात सलाइन लावलेलं पोर गाडीची वाट बघत असेल आणि ती बोगद्यात बसेल ना, तेव्हा ढकलायला तुम्ही या. बुधवारी आणि शनिवारी. माझा हात तिथवर पोचत नाही.”

“अहो, तसं नव्हे—”

“आणि हे तुम्हाला गेल्या रविवारीच सांगितलं होतं. हसलात.”

डॉक्टरांनी निळं इंजिन बोगद्यातून काढलं, खोक्यात घातलं आणि खोकं दाराजवळ, परत न्यायच्या पिशवीत ठेवलं. वकिलांनी वही पुढे ओढली. ‘मंडळाच्या अनुभवावरून’ एवढं लिहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि ते खोडलं. मग ते पेन हातात धरून पुढचा शब्द शोधत बसले. वहिनींनी मदत केली नाही.

सगळे गेल्यावर मास्तर जिन्याशी आले. “अगं, आधी मला एकट्याला सांगायचंस. चारचौघांत…”

“सही चारचौघांत केलीत ना?”

मास्तरांनी खुंटीवरचं फडकं घेतलं, त्यावर स्पिरिट ओतलं, पाहिजे त्याच्या तिप्पट, आणि वर गेले. वहिनी मागोमाग जाऊन खोलीच्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. पुढचे रूळ पुसून मास्तरांनी फडकं झटकलं.

“झालं.”

“बोगदा राहिलाय.”

“तिथे हात कसा जायचा?”

“शर्टाची बाही वर करा. पुलाखालून वाका. डावीकडे खिळा आहे, लागतो.”

मास्तर वाकले. आतून ‘आई गं’ असा आवाज आला. वहिनी तशाच उभ्या राहिल्या. राग उतरला नव्हता, आणि उतरवायची त्यांना घाईही नव्हती.