ही सोनकी कोण?

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो तो कुणी मुद्दाम साठवत नाही. आपण आपलं काम करत असतो, संध्याकाळी खाली बघावं तर हा ढीग! आमच्या डोंगर-मंडळाचे किस्से असेच साचलेत. झाडायला घेतले की आणखी निघतात. त्यातले काही चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत आणि काही बायकोसमोर तर मुळीच नाहीत. उरलेले सांगतो.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मी टर्नर होतो. आमचे फोरमन गाडेकर मामा. माणूस चाळिशीचा, गडगड्या आवाजाचा, मनानं लोण्यासारखा, पण हे कुणाला कळू नये म्हणून दिवसभर ओरडायचा. दुसरे दिघे, क्वालिटी कंट्रोलचे इन्स्पेक्टर. खिशात कायम व्हर्नियर, बारीक माप घ्यायचं हत्यार. आम्ही घाम गाळून केलेला जॉब ते दोन बोटांत धरणार, माप घेणार आणि म्हणणार, "दोन थाऊ कमी. रिजेक्ट!" थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तेवढ्यासाठी माणसाला रडवायचे! तिसरे शेखभाई, कंपनीचे ड्रायव्हर. त्यांच्या मेव्हण्याची एक जुनी जीप होती, म्हणून ते मंडळात. आणि चौथा मी, बापू.

आमची सुट्टी गुरुवारी. सगळं जग कामावर आणि आम्ही चौघं मोकळे. मग पावसाळा सरता सरता, भादव्यात, पहाटे जीप काढायची, संगमनेर-अकोल्यावरून कळसूबाईच्या पायथ्याला जायचं आणि फुलं बघत चढायचं. दिवसभर लोखंड बघणाऱ्या माणसाला फुलांचं असं वेड लागतं, की विचारू नका.

मंडळाचा नियम एकच, मामांनी केलेला. "बायामानसं न्हाईत न्यायची. त्यास्नी चढ झेपत न्हाई."

हे बोलताना मामा पहिल्याच टेपाडावर बसून, शर्टाची बटणं सोडून टोपीनं वारा घेत होते!

*

मामांचा गुरुवार. दत्ताचा कडक उपवास. एकदा आम्ही निम्मा डोंगर चढून बसलो. पायथ्याच्या गावातला देवराम आमच्याबरोबर असायचा. वाट त्याच्या पायाखालची. त्याच्या घरून नाचणीच्या भाकरी, चवळीची उसळ आणि झणझणीत ठेचा आला होता. मामांच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, तीही सकाळपासून घट्ट होऊन वीट झालेली.

आम्ही भाकरी मोडली. मामांनी आभाळाकडं बघितलं, खाली दरीकडं बघितलं, मग दिघेंना विचारलं, "इन्स्पेक्टर, आपन किती उंच आलो असू?"

"असू तीनएक हजार फूट."

"मग इथं वार लागत न्हाई," मामा म्हणाले. "वार खाली. द्या ती भाकरी इकडं!"

उतरताना पायथ्याशी आल्यावर मामांनी चूळ भरली, कपाळाला हात लावला आणि पुन्हा उपवास धरला.

*

दिघेंचा व्हर्नियर डोंगरावरही यायचा. एका वर्षी उतारभर तेरडा फुललेला, सगळा गुलाबी. आम्ही आपले 'वा, वा' करतोय आणि दिघे उकिडवे बसून पाकळीचं माप घेतायत! डावी पाकळी, उजवी पाकळी. मग मान हलवली. "चाळीस थाऊ फरक आहे. रिजेक्ट!"

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई वरून उतरत आली. पन्नाशी ओलांडलेली, काटक, कासोटा घातलेली. तिनं भारा खाली टाकला आणि कमरेवर हात ठेवून बराच वेळ दिघेंकडं बघितलं.

"कशाचं माप घेताय, भाऊ?" ती म्हणाली. "फुलाला झंपर शिवायचा हाय का?"

शेखभाई हसून हसून गवतात लोळले. दिघेंनी त्या दिवशी व्हर्नियर पुन्हा बाहेर काढला नाही. बाईनं मामांना विचारलं, "कुठलं म्हनायचं पाव्हणं?"

मामांना ओळख करून द्यायची हौस फार. "आमी नगरचे. नागापूरचे. मी गाडेकर फोरमन. हे माझं मंडळ."

"नागापूरचे गाडेकर व्हय?" बाईनं मामांना टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं आणि पदर तोंडाला लावून हसत निघून गेली. मामा खूश! म्हणाले, "बघा, नाव कुठवर पोचलंय!"

*

आता मामीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मामीचं बालपण याच डोंगराच्या अंगाखांद्यावरच्या एका वाडीतलं. पुढं तिचे वडील सगळं बिऱ्हाड घेऊन संगमनेरला आले आणि वाडी सुटली. त्याआधी, सहा वर्षांची असताना, वाडीतल्या एका बाईनं तिला खांद्यावर बसवून वर नेलं होतं, कारवी बघायला. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. फुलली की डोंगरच्या डोंगर निळा-जांभळा होतो, आणि मग सात वर्षं नाव नाही. मामी त्याबद्दल बोलायला लागली की हातातली पोळी तव्यावर करपायची.

त्यानंतर कारवी फुलली तेव्हा हे लोक संगमनेरला. त्याच्या पुढच्या खेपेला थोरला पोटात. त्याच्याही पुढच्या खेपेला सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. "आता चौथ्यांदा फुलंल तेव्हा मला न्या," ती मामांना म्हणायची. "पुन्हा हुकली तर मी चाळिशी पार करीन. तेव्हा गुडघे असतील का माझ्यापाशी?"

मामा "बघू, बघू" म्हणायचे. आणि खरं सांगतो, आम्हीही गप्प बसायचो. वहिनी-मामी आल्या की विड्या बंद, शिव्या बंद, सगळी मजाच बंद. आम्हाला आमची मजा प्यारी होती.

*

कारवीच्या आदल्या वर्षी देवरामनं मामांच्या घरी कार्ड टाकलं. देवरामला लिहायला येत नव्हतं, तो कुणाकडून तरी लिहून घ्यायचा. कार्ड उघडं, पोस्टमननं मामीच्या हातात दिलं. मजकूर असा:

"सोनकी भरात आली हाय. औंदा लई देखनी. दोन आठवडे वाट बघंल, मंग जाईल. येत्या गुरवारी या. बायामानसं आनू नका."

संध्याकाळी मामा घरी आले तर दारात मामी, मामीच्या हातात कार्ड आणि मामीच्या मागं निम्मी चाळ.

"ही सोनकी कोण?"

"अगं, फूल हाय ते! पिवळं!"

"फूलच म्हणायची पद्धत असते पुरुषांची!"

"अगं, दर वर्षी असती तिथं. मी एकटाच न्हाई, आमी चौघं जातो!"

चाळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मामांना घाम फुटला. "बापूला इच्यारा! दिघेला इच्यारा!" मला बोलावणं आलं. मी शपथेवर सांगितलं, "मामी, खरंच फूल आहे. सगळ्या डोंगरावर पसरलेलं असतं. आम्ही त्याच्यातच बसून जेवतो."

माझ्या साक्षीनं प्रकरण आणखी चिघळलं!

शेवटी त्या गुरुवारी मामांनी जेवणाच्या डब्यात सोनकी भरून आणली, पुरावा म्हणून. मामीनं डबा उघडला. आत सुकलेली चार पिवळी फुलं आणि ठेच्याचा वास. तिनं एक फूल उचलून नाकाशी धरलं आणि म्हणाली, "बरं, मानलं. पण मन साफ व्हायला पाहिजे. पुढच्या साली कारवी फुलंल, तेव्हा मला वर नेणार असं सगळ्यांसमोर बोला."

मामा बोलले. तुळशीला हात लावून बोलले. सगळ्या चाळीनं ऐकलं.

मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "मामी भोळी गं. साधं फूल ओळखलं नाही." बायको भांडी घासत होती. म्हणाली, "मामी डोंगरातली ना? मग सोनकी तिला ठाऊक नसंल होय?" मी म्हणालो, "तुला यातलं कळत नाही."

*

कारवीचं साल उजाडलं. श्रावणात आम्ही एकदा जाऊन कळ्या बघून आलो. या खेपेला दोन दिवस काढून सावकाश चढायचं होतं, म्हणजे बुधवारची रजा हवी. आणि आमचे मॅनेजर आणि लेबर ऑफिसर एकाच केबिनमध्ये बसायचे, दोघांचं एकमत व्हायचं ते फक्त रजा नाकारण्यावर!

शेखभाईंनी परत येताना एक फूल आणलं होतं. ज्वाळेसारखं, लाल-पिवळं, वाकड्या पाकळ्यांचं. देवराम ओरडला होता, "आवो, ती कळलावी! घरात न्हेऊ नका, कज्जा लागतो!"

"घर में कौन ले जाता है?" शेखभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते फूल केबिनमध्ये, दोन टेबलांच्या मधोमध, पाण्याच्या ग्लासात!

दुपारी बारापर्यंत पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा यावरून दोघांची जुंपली. दोन वाजता बोलणं बंद. तीन वाजता मॅनेजरनं आमच्या अर्जावर बुधवारची रजा मंजूर केली. हे कळल्यावर लेबर ऑफिसर भडकले, "रजा द्यायचा अधिकार माझा!" आणि त्यांनी शुक्रवारचीही देऊन टाकली.

शेखभाई दारातून डोकावून मला हळूच म्हणाले, "बापू, शनिवार पण पायजे का? अजून एक फूल हाय."

*

आता शेवटचा.

देवरामला मामांनी बजावलं होतं, "आता कार्ड घरी न्हाई, वर्कशॉपच्या पत्त्यावर टाक." त्याप्रमाणे आलं. "कारवी फुलली. बिगीनं या."

मामांनी घरी सांगितलं, "औंदा कारवी फुललीच न्हाई. पाऊस कमी. आन् मला दोन दिवस राहात्याला जायचंय, कंपनीच्या कामाला. मशीन बसवायचंय."

मी तिथंच चहा पीत होतो. मला वाटलं मामी भांडेल, तुळशीची आठवण देईल. तिनं कपबशा उचलल्या. आत ठेवून आली आणि म्हणाली, "मग मी तरी एकटी कशाला बसू? पोरांना घेऊन भावाकडं संगमनेरला जाऊन येते."

"जा की!" मामा म्हणाले. इतक्या जोरात, की मलाच लाज वाटली.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं ती गेली. जाताना मामांसाठी दशम्या बांधून ठेवल्या आणि वर एक घोंगडी. मामा म्हणाले, "राहात्याला घोंगडी कशाला?"

"असू द्या," मामी म्हणाली. "वारं असतं."

बुधवारी आम्ही निघालो. रात्री देवरामच्या पडवीत झोपलो आणि गुरुवारी उजाडताच चढायला लागलो. धुकं होतं. मामा दर वीस पावलांना थांबत होते. वारं असं सुटलं होतं की मामांनी ती घोंगडी गुंडाळून घेतली. एका वळणाला धुकं बाजूला झालं आणि आम्ही चौघं जागच्या जागी उभे राहिलो. सगळा उतार निळा-जांभळा! वर कड्यापर्यंत, खाली दरीपर्यंत, माणसाच्या उंचीची झुडपं आणि फुलंच फुलं. मधमाश्यांचा आवाज वर्कशॉपमध्ये सगळी मशीनं एकदम चालू केल्यासारखा. दिघेंचा हात खिशाकडं गेला आणि तसाच राहिला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "आपल्या हिला आनायला पायजे हुतं रं बापू."

ते खरं होतं, आणि त्यात माझाही हात होता.

"कुणाला?" मागून आवाज आला.

वाटेच्या वरच्या अंगाला खडकावर मामी बसली होती. पदर खोचलेला, पायात चिखल, अंबाड्यात कारवीचा तुरा. चेहरा असा की ती चौतीस वर्षांची नाही, सहाच वर्षांची वाटत होती. तिनं मामांकडं बघितलं, त्यांच्या अंगावरच्या घोंगडीकडं बघितलं.

"या," ती म्हणाली. "आलं का राहाता?"

शेखभाई कधी नव्हे ते दरीतली जीप शोधायला लागले.

"अगं, पन तू... एवढ्या चढाला... कुनासंगं आलीस?"

"लहानपणी जिनं खांद्यावर बसवून आणलं होतं तिच्यासंगं. कारवी फुलल्याचा सांगावाही तिनंच धाडला होता. काल तिच्याकडंच मुक्काम केला. तुमची ओळख झालीय म्हणे मागंच."

कारवीतून फांद्या बाजूला सारत तीच गवताच्या भाऱ्याची बाई बाहेर आली. तिनं दिघेंच्या खिशातला व्हर्नियर बघितला.

"काय भाऊ," ती म्हणाली, "झाला का झंपर शिवून?"

दिघे माझ्या मागं गेले. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हात जोडले आणि जन्मात कधी बोलले नसतील इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "चुकलं, बाई. आमच्या हिला तुमी वर आनलं, लई उपकार झाले. तुमचं नाव तरी कळू द्या."

बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. उत्तर मामीनंच दिलं.

"सोनकी."