अकरा नंबरचा बावटा

मालवणच्या बाजारात परशुराम कुबलाला कुणी कसलाही आकडा सांगितला, की तो हटकून विचारायचा, "कोणाचो?" बांगडे वीस म्हटलं तरी कोणाचे, लग्नाला माणसं शंभर म्हटलं तरी कोणाची. लोक गालात हसायचे. हसायला काय जातंय! सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतरची ती दुपार त्यांनी काढली असती, तर त्यांचीही बोबडी वळली असती.

परशुराम बंदरावर खलाशी होता. रेडिओवर हवामानाची बातमी आली की साहेब सांगतील त्या नंबरचा बावटा काठीवर चढवायचा, हे त्याचं काम. बावटा म्हणायचा एवढंच, असायच्या काळ्या टोपल्या. एक नंबर म्हणजे वादळ लांब आहे, फार फिकीर नको. दहा म्हणजे होत्याचं नव्हतं होणार. त्याच्याही वर अकरा होता. वादळाची खबर देणाऱ्यांशी संबंधच तुटला आणि बंदरावरच्या माणसांना स्वतःलाच धोका वाटतोय, असा त्याचा अर्थ. तो परशुरामने सरावापुरता एकदाच चढवला होता.

त्या वर्षी सूर्यावर डाग फार पडत होते आणि त्यापायी रेडिओ मुका होई. रेडिओ किती ऐकू येतो ते रोज मोजायला श्रीपाद नावाचा एक तरुण संशोधक यंत्रं घेऊन तारकर्लीच्या माडांत येऊन राहिला होता. बंदराच्या साहेबांनी त्याला गळ घातली, की रेडिओचं आज कसं आहे ते सांगणारा तुमचा आकडा आम्हालाही कळवत जा. श्रीपाद हो म्हणाला आणि साहेब रजेवर गेले. आकडा कसा वाचायचा हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

पहिल्याच दिवशी रेडिओवर नुसती खरखर. परशुरामचा जावई महादू नारळ भरलेलं गलबत घेऊन सकाळपासून खोळंबला होता. समुद्राला वारा नसताना लांबच लांब फुगवटा येत होता. असा फुगवटा कधी कधी लांबच्या वादळाचा असतो. परशुरामला ते दिसत होतं आणि आवडत नव्हतं. तेवढ्यात श्रीपाद सायकलवरून आला. त्याचा चेहरा उतरलेला होता, पण परशुरामचं लक्ष आकड्याकडे.

"आज एक," श्रीपाद म्हणाला.

परशुरामचा जीव भांड्यात पडला. तो महादूला म्हणाला, "एकच आसा. जावा तुमी." महादूने शीड उभारलं आणि गलबत किल्ल्याच्या बाजूने बाहेर पडलं.

श्रीपाद पाणी पिऊन सावकाश म्हणाला, की आज तुमचा रेडिओ काही बोलायचा नाही. परशुरामने विचारलं, मग एक कसा? तेव्हा उलगडा झाला. श्रीपादच्या मोजणीत नऊ म्हणजे उत्तम ऐकू येतं आणि एक म्हणजे सगळं बंद. वादळाचा त्या आकड्याशी काही संबंधच नव्हता.

परशुराम पाण्याकडे धावला. वादळ असेल, नसेल, सांगणारं कुणी नव्हतं आणि पोरीच्या नवऱ्याला त्याने स्वतःच्या तोंडाने समुद्रात घातलं होतं. हाक पोचेल इतकं गलबत आता जवळ नव्हतं. साहेबांच्या हुकमाशिवाय काठीला हात लावला तर नोकरी जाणार, हेही त्याला ठाऊक होतं. त्याने काठीचा दोर सोडला. टोपल्या बांधल्या आणि श्रीपादने दोर ओढायला हात दिला. अकरा नंबर वर गेला.

एवढ्यात परशुरामची लेक सुगंधा नवऱ्याची राहिलेली शिदोरी घेऊन धावत आली. तिने काठीकडे बघून विचारलं, "बाबा, ह्यो कसलो बावटो?" परशुरामला सांगवेना. तो म्हणाला, काही नाही, सराव आहे. ती तिथेच वाळूत बसून राहिली आणि तिच्याकडे बघायची त्याला भीती वाटू लागली. ढग खाली आले, वारा सुटला. शीड दिसेनासं झालं, पुन्हा दिसलं, पण कुठल्या दिशेला चाललंय ते कळेना. परशुराम वेतोबाला नवस बोलला, मग काय बोललो तेच विसरला.

तिन्हीसांजेला, पाऊस आडवा मारत असताना, गलबत किल्ल्याच्या आडोशाला लागलं. महादू चिंब भिजून किनाऱ्यावर उतरला. परशुरामने त्याचा दंड घट्ट धरला आणि विचारलं, की बावटा कळला ना?

महादू म्हणाला, "नाय मामानू. तो बावटो आमच्यात कोणीच वळाखलो नाय. पण माका जावा म्हणालात नि लगेच बावटो चढवलात, म्हणजे तुमी भियालात, ह्या माका कळला. म्हणान मागे फिरलंय."

साहेबांनी परत आल्यावर आरडाओरडा केला, पण नोकरी राहिली. त्यानंतर श्रीपादने आकड्यासोबत "ऐकू येतं" किंवा "बंद" असा शब्द सांगायचा, असं ठरलं. परशुराम मात्र तेवढ्यावर विसंबला नाही. कुणीही आकडा सांगितला की तो विचारायचा, "कोणाचो?" आणि उत्तर येईपर्यंत सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा.