रोडग्यांचा पहिला घास

पुण्याहून निघताना माझ्याकडे तीन पिशव्या होत्या आणि त्यातल्या दोन खाण्याच्या होत्या. खाणं म्हणजे एकाच प्रकारच्या बिस्किटांचे बारा पुडे, दुधाची पावडर आणि पाच किलो तांदूळ. गाडीत समोर बसलेल्या आजोबांनी पिशवीतून डोकावणारे तांदूळ पाहिले आणि विचारलं, "काय हो, अमरावतीला तांदूळ मिळत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी हसलो. नऊ वर्षांची मुलगी जगातल्या फक्त तीन गोष्टी खात असली की असल्या प्रश्नांवर हसायची सवय होते.

जुई, माझी मुलगी, स्वमग्न आहे. तिला वास, आवाज, ओलसरपणा, जिभेवरचा खरखरीतपणा हे सगळं आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतं. शेजारच्या घरात हिंगाची फोडणी पडली तर ती आमच्या घरात नाक दाबून बसते. लोकांना वाटतं लाडावलेली आहे, दोन दिवस उपाशी ठेवा, खाईल. ती खात नाही. आम्ही तेही करून पाहिलंय, हे सांगायला मला आजही लाज वाटते. आणि एखाद्या पदार्थावरचा तिचा विश्वास उडाला की तो पदार्थ गेलाच. चार वर्षांपूर्वी माझ्या आईनं चांगल्या मनानं केळ्यात जंताचं औषध कुस्करलं होतं. त्यानंतर जुईनं केळ्याकडे पाहिलेलं नाही.

दूध आणि बिस्किटांच्या जोडीला भात आला तो चौदा महिन्यांच्या मेहनतीनंतर. आधी भाताची वाटी नुसती समोर ठेवायची, मग बोट लावायचं, मग एक शीत. ज्या दिवशी तिनं मूठभर मोकळा, कोरडा, पांढरा भात खाल्ला त्या दिवशी मी वेड्यासारखा सगळ्यांना फोन करत सुटलो. त्यातला एक फोन अमरावतीला, बायकोच्या कुसुममावशींना. मावशी पलीकडून रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "जवाईबापू, म्या नवस बोलली होती. पोरगी अन्नाले लागली की शेतातल्या देवाले रोडगे करीन. आता तुमाले याच लागते." बायकोचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी आणि जुई दोघंच निघालो.

सकाळी बडनेरा आलं आणि थोड्याच वेळात अमरावती. मावशींचा मुलगा दिलीप गाडी घेऊन स्टेशनवर आला होता. हवा छान गार होती, पण मला ती जाणवायला वेळ नव्हता. रिक्षांचे हॉर्न, चहावाल्यांची हाळी, कुठेतरी तळणाचा वास. जुईनं कानांवरचे जाड हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले होते आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत चाललो होतो. मला गावं अशीच दिसतात, तिच्या चेहऱ्यावरून. अमरावती पहिल्या अर्ध्या तासात तरी बरी निघाली.

मावशींनी दारातच भाकरतुकडा ओवाळला आणि न्याहारीला गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) मागवला होता. मी दोन प्लेटा खाल्ल्या. खोटं कशाला बोलू, तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी तिसरी घ्यावीशी वाटली. जुईसाठी मी स्वयंपाकघरात जाऊन माझ्या तांदळाचा भात लावला, ताटात पसरून निववला आणि तिच्या वाटीत भरला. तेवढ्यात मावशी मूठभर चिरलेला सांबार (कोथिंबीर) घेऊन आल्या. "थोडासाक टाकते, रंग दिसते चांगला." मी अक्षरशः वाटीवर हात धरला. त्या थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि सांबार परत नेला. रागावल्या की काय ते कळेना. वऱ्हाडी माणूस रागावला की कळतंच, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

खरं तर त्याच वेळी मी बसून सगळं नीट सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी वडा किती छान होता ते सांगत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मूर्तिजापूरच्या बाजूला मावशींच्या शेतावर निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, कापसाची शेवटची वेचणी चाललेली, मधे मधे शेंगांनी वाकलेली तूर. जुई खिडकीतून पाहत होती आणि हळू आवाजात कापसाची बोंडं मोजत होती. गाडीच्या वेगात ते जमत नव्हतं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. ती मोजते तेव्हा ती सुखात असते. त्या तासाभरात मीही जरा सैलावलो.

शेतात पोचलो आणि मी आधी जुईकडे पाहिलं. निंबाखाली शेंदूर लावलेले तीन दगड, तो देव. त्याच्यासमोर गोवऱ्यांची लांबलचक ओळ पेटवलेली आणि निखाऱ्यांत शेकडो रोडगे (जाड कणकेचे, तुपाचे पदर देऊन वळलेले गोळे) भाजत होते. रोडगे इथे पुरुष करतात. सातआठ जण उपरणी डोक्याला गुंडाळून राखेतून गोळे उलथत होते, फडक्यात घोळून राख झाडत होते, तुपात बुडवत होते. बाजूला भल्यामोठ्या कढईत वांग्याची भाजी रटरटत होती. गोवऱ्यांचा धूर, तूप, लसूण, आणि दीडशे माणसांचं बोलणं. मला तो वास इतका आवडला की जुईच्या वतीनं मला स्वतःचाच राग आला. तिनं ओढणी नाकातोंडाला घट्ट बांधली होती. मी तिला धुरापासून लांब, तुरीच्या कडेला नेऊन बसवलं आणि वाटी हातात दिली.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या, पंगती बसल्या, वाढून झालं. पण कुणी घासाला हात लावेना. मी दिलीपला विचारलं, "सुरू का नाही करत?"

"पहिला घास जुईचा ना, भाऊजी. जिच्या नावानं नवस, तिचा घास. मंग बाकीचे."

फोनवर हे कुणी बोललं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मावशी एक रोडगा फोडून, त्यावर तूप घालून, द्रोण घेऊन आमच्याकडे येत होत्या. अनवाणी. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता त्यांनी. मागे दीडशे माणसं माना वळवून पाहत होती. एक लहान मुलगी आईला विचारत होती, "मी खाऊ का वं?" आणि आई तिचा हात धरून ठेवत होती.

त्या दहा पावलांत मी मनाशी काय काय हिशेब केले ते आठवलं की अजून घाम फुटतो. ही माणसं एवढी राबली आहेत. ही बाई उपाशी आहे. नाही कसं म्हणायचं? मी पुढे होऊन वाटेतच द्रोण हातात घेतला, म्हणालो, "मी भरवतो." जुईपाशी परतलो आणि पंगतीकडे पाठ करून वाटाण्याएवढा रोडग्याचा तुकडा घेतला, भाताच्या घासात आत दाबला, वरून भात सारखा केला. इतक्यातलं इतकं तिला काय कळणार, असं मला वाटलं. नऊ वर्षं तिचा बाप असून मला असं वाटलं.

जुईनं ओढणी खाली ओढून तोंड उघडलं, कारण घास मी देत होतो.

तिनं चावलं आणि ती थांबली. ओरडली नाही, थुंकली नाही. दोन बोटं तोंडात घालून तो तुकडा बाहेर काढला, तळहातावर ठेवला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. ती सहसा कुणाच्या डोळ्यांत पाहत नाही. मग वाटीतला सगळा भात तिनं मातीत ओतला आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

"झाला वं घास!" मावशी वळून ओरडल्या. त्यांना लांबून फक्त तोंड हललेलं दिसलं होतं. पंगतीत एकच आनंद झाला, देवाच्या नावाचा गजर झाला, दीडशे माणसं जेवायला लागली. मलाही आग्रहानं चार रोडगे वाढले. ते फार चांगले झाले असणार. मला एकाचीही चव आठवत नाही.

संध्याकाळी अमरावतीला परतल्यावर मी भात लावला. तिनं वाटी पाहिली आणि तोंड फिरवलं. सकाळी पुन्हा. माझ्या हातचं बिस्किटसुद्धा घेईना. पुडा जमिनीवर ठेवून मी खोलीबाहेर गेलो तेव्हा तिनं तो स्वतः फोडला आणि एकेक बिस्कीट उलटसुलट करून तपासून खाल्लं. चौदा महिने मी एका वाटाण्यात घालवले होते.

मावशी भाजी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. केळ्यापासून वाटाण्यापर्यंत. त्या ऐकत राहिल्या. मग हातातली जुडी खाली ठेवली.

"म्या मांगतलं होतं का तुमाले?"

"नाही, पण पहिला घास..."

"अवो, तिच्या भाताचाच घास झाला असता ना! भातासाठीच तर नवस होता. द्रोणाले नुसता हात लावला असता तिनं, तरी देव पावला असता. देव का लहान लेकराच्या तोंडात बोट घालून पाह्यते?" त्यांचा आवाज चढला. राग कसा असतो ते आता मला कळलं. "त्या दिवशी सांबार नको म्हनलं, म्या परत नेला का नाही नेला? तुमी पुन्याचे लोक तोंडानं बोलत काहून नाही? मले सांगाले भेले, अन् पोरीले फसवलं!"

मग मावशीच हळू आवाजात म्हणाल्या, "मंग आता? पोरगी का खाईन?" आणि पदरानं डोळे पुसले. मला एवढं वाईट पुऱ्या प्रवासात वाटलं नव्हतं.

परतीची गाडी अकोल्याहून होती. दिलीपनं आम्हाला स्टेशनवर सोडलं; गाडीला दोन तास अवकाश होता. जवळच्या एका खाणावळीत मी नुसता चहा घ्यायला शिरलो. दुपारची गर्दी ओसरली होती, पंखे बंद होते, म्हणून जुई आत आली. मालक दाढीवाले, साठीचे, भटारखान्याच्या दाराशीच बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत होते.

"बच्ची काही नाही खात का?" त्यांनी विचारलं.

मी या वेळी सगळं सांगितलं. भात खायची, माझ्यामुळे सोडला, मी त्यात लपवून काही घातलं होतं.

चाचांनी मला नावं ठेवली नाहीत की धीरही दिला नाही. ते उठले, भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पातेलं दारातल्या उजेडात ओढलं. "ये बेटा. पाह्य. पुरं पाह्य. याच्यात काहीच नाही, फक्त चावल." मग मला म्हणाले, "तुमी तिकडं बसा, साहेब. दूर."

मी दूर जाऊन बसलो. जुई पातेल्यापाशी गेली. वाकून पाहिलं. चाचांनी तिला हात धुवायला पाणी घातलं आणि डाव देऊन ते बाजूला झाले. तिनं भात खालीवर केला, तळापर्यंत, चार वेळा, पाच वेळा. एक शीत उचलून उजेडात धरलं. गाडीची वेळ जवळ येत होती आणि मला घड्याळाकडे बघायचं धाडस होत नव्हतं. मग तिनं स्वतःच डावभर भात ताटलीत घेतला, तो पसरला, निवायची वाट पाहिली. आणि खाल्ला. सात घास. मी मोजले.

पुण्याला येऊन आता तीन महिने झाले. भात वाचला, असं आम्ही घरात म्हणतो. पण कुकर उघडला की जुई आधी येते, खालीवर करून पाहते आणि स्वतःच्या हातानं वाढून घेते. तिच्या आईला ती कधीतरी वाढू देते. अमरावतीची, अकोल्याची आठवण लोक काढतात तेव्हा मी गिल्या वड्याबद्दल बोलतो, काळ्या जमिनीबद्दल बोलतो. ते सगळं खरंच छान होतं. प्रवासानं माणूस काय शिकतो म्हणाल तर मी एवढंच शिकलो की विचारायला फार वेळ लागत नाही. रोज रात्री जेवताना मी ओट्यापाशी उभा राहून तिला विचारतो, "जुई, मी वाढू का?"

"नाही," ती म्हणते.

मी डाव खाली ठेवतो आणि दोन पावलं मागे सरतो.