निथळलेलं पाणी

शिरड शहापूरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या मावशीचं नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही. निजामी राज्यातले, लढाईच्या महागाईचे दिवस होते. तूर परवडेना, म्हणून घरोघरी तुरीसारखीच दिसणारी, स्वस्त लाखेची डाळ शिजायची. ती आधी कढत पाण्यात भिजवायची आणि ते पाणी सांडून द्यायचं, हे साऱ्या बायकांना ठाऊक होतं. मावशीच्या हातून मात्र काही टाकवत नसे. निथळलेल्या डाळीचं ती घरच्यांना वरण करायची आणि त्या पाण्यात आपल्यापुरतं ज्वारीचं पीठ मळायची.

"सांडून टाका की ते," आई म्हणायची.

"काहून सांडू? समदा कस त्यातच उतरून राहिला. तुमी लई उधळ्या, बाई."

एवढं बोलून ती पदरानं ओठ पुसायची.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या टाचा जमिनीला टेकेनात, गुडघे एकमेकांत अडकू लागले. पायांवरून वारं गेलं, असं ती म्हणायची.

खूप वर्षांनी, रसायनशास्त्र शिकवताना, मी वाचलं. लाखेच्या डाळीत एक अमिनो आम्ल असतं, आपल्या शरीरातल्यासारखंच, पण जरासं बदललेलं. मज्जातंतू त्याला आपलं समजतात आणि त्यातच मरतात. ते पाण्यात उतरतं.

तिच्या घरातले बाकी सगळे शेवटपर्यंत धड चालत होते. मला आठवते ती काखेत काठी दाबून चुलीकडे सरकणारी मावशी. पाण्याचं पातेलं तिनं दोन्ही हातांनी धरलेलं असायचं, थेंबही सांडू नये म्हणून.