मॅडम, पाणी जवळ ठेवा

माझ्या ताईला गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. शाळेत गणित शिकवायची तेव्हा पोरांच्या कपाळावरची आठी बघून ओळखायची, गाडी कुठे अडली आहे ते. मग शेजारी बसून तेच गणित दहा तऱ्हांनी सांगायची. शाळा बंद पडली, ती ऑनलाइन क्लासवाल्यांकडे लागली आणि त्यांनी तिच्या तोंडाला कुलूप घातलं.

तिथे तिचे धडे एकदाच चित्रित करून घेतले. आता प्रत्येक नव्या तुकडीला तेच दाखवतात, वर 'थेट वर्ग' म्हणून मिरवतात. ताईने आमच्या स्वयंपाकघरामागच्या कोठीत, डब्यांच्या फळीखाली लॅपटॉप उघडून नुसतं हजर राहायचं. मुलांचे प्रश्न लिहून येतात. उत्तराला तयार बटणं: 'छान प्रश्न, पुढे पाहू', 'शाब्बास', 'धडा पुन्हा पाहा'. पदरचं एक अक्षर लिहायची सोय नाही.

"सोडून दे ना मग," मी एकदा चिडून म्हटलं.

"मी सोडलं तरी पडद्यावरची मी शिकवतच राहणार गं. निदान आता प्रश्न वाचते तरी. नंतर तेही कोणी वाचणार नाही."



अपूर्णांकांच्या धड्यात तिला खोकल्याची उबळ येते. चित्रीकरणवाल्याने ती मुद्दाम ठेवली. खरं वाटतं म्हणे. दर तुकडीत कोणीतरी लिहितंच, 'मॅडम, काळजी घ्या.' ताई ओशाळते आणि 'शाब्बास' दाबते.

एक मुलगी मात्र एकच विचारायची: खालचे आकडे वेगळे असले तर सरळ बेरीज का नाही करायची? नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेत ती यातच नापास झाली होती आणि पुन्हा याच वर्गाला बसली होती. ताईने मला कागदाच्या घड्या घालून ते समजावलं. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा. तिला मात्र बटण मिळायचं. ताईला त्या मुलीने झोप लागू दिली नाही.

काल मी पिठाचा डबा काढायला कोठीत गेले, तेव्हा तोच धडा चालू होता. त्या मुलीचं वाक्य आलं. 'मॅडम, आता तुम्हाला खोकला येईल. पाणी जवळ ठेवा.'

पडद्यावरची ताई खोकली. खुर्चीतली ताई गोरीमोरी झाली.

'मी रागावले नाहीये. फक्त सांगा, तिथे कोणी वाचतंय का?'

"हो म्हण ना," मी म्हटलं.

"कशाने म्हणू?"

बटणांवरून तिचं बोट फिरत राहिलं. शेवटी त्यातल्या त्यात 'हो'च्या जवळचं म्हणून तिने 'शाब्बास' दाबलं, अगदी मनापासून दाबलं.

'वाटलंच होतं,' असं लिहून ती मुलगी वर्गातून निघून गेली.

घड्या घातलेला कागद ताईच्या मांडीवर होता. पडद्यावरच्या ताईने पाण्याचा घोट घेतला. "कळलं का सगळ्यांना? नसेल तर लाजू नका, मला विचारा," असं म्हणून ती हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत थांबली.